उजेड पिकेपर्यंत

भाऊ आपल्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर यायचे, उजवा हात पुढे करायचे आणि तळहात आभाळाकडे धरून बारीक डोळ्यांनी बघत राहायचे. मग हात उपडा करायचे, बोटांच्या पेरांवर काय पडलंय ते न्याहाळायचे, आणि हात खिशात घालून म्हणायचे, "अजून पिकला नाही."

बोलणं उजेडाबद्दल असायचं. आमच्या भंडाऱ्यात धान पिकतं, आंबा पिकतो, वय झालं की केस पिकतात. उजेडही पिकतो हे मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. रस्त्याने जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, हे पावसाचा अंदाज घेतायत. तोही बिचारा हात पुढे करून बघायचा आणि कोरडा हात घेऊन पुढे जायचा.

माझं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागूनच होतं. काचा, फ्रेमा आणि देवादिकांचे फोटो. मधली भिंत इतकी पातळ, की इकडे मी काच कापली की तिकडे अंधाऱ्या खोलीत भाऊंच्या अंगावर काटा यायचा. "काचवाल्या, दात आंबले ना रे माहे!" अशी आरोळी भिंतीतून यायची. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. शेवटपर्यंत मी काचवाल्याच राहिलो आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

फ्रेमा करून करून एक गोष्ट मला पक्की कळली होती. तुम्हीही आपापल्या घरच्या भिंती आठवून पाहा, पटेल. आपल्याकडे भिंतीवर जागा असते ती देवांना, मेलेल्यांना आणि नवरा-नवरीला. फार तर पोलिसात लागलेल्या मुलाला. बाकी कोणाला तिथे थारा नाही. भाऊंच्या मनात मात्र काहीतरी वेगळंच होतं. एकदा दुपारी चहा पिताना त्यांनी मला ते सांगितलं.

"मले बाकी काही नाही पाह्यजे, काचवाल्या. पण एकदा तरी लोकांनी नुसता उजेड पाहावा. उजेड अन् गोटा. माणूस कुठं आहे, असं न विचारता पाहावा."

"भाऊ, आपल्या जिल्ह्यात तं हे होत नाही," मी म्हणालो.

"काहून होत नाही?"

"लोक पैसे देऊन गोटे कायले पाहतीन? फुकटचे पडले आहेत ना चारी बाजूंनी."

भाऊंच्या बशीतला चहा गार झाला तरी बशी हातातच होती. मी जरा जास्तच ठासून बोललो असेन, पण माझं चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर तुम्हालाही वाटलं नसतं.

धंद्याला भाऊ कच्चे नव्हते. लग्नसराईत त्यांच्या दारात रांग लागायची. फक्त त्यांना दिव्यांचा राग होता. मोठे बल्ब लावून चटकन फोटो काढून मोकळं व्हावं, तर ते नाही. उत्तरेच्या मोठ्या खिडकीसमोर नवरा-नवरीला बसवायचे आणि हात पुढे करून उभे राहायचे. नवरदेवाच्या कपाळावरून घामाचा ओघळ, नवरीची मान अवघडलेली, आणि हे म्हणणार, "थांबा जी, पिकून राहिला." एकदा तर नवरीची सासू वाट पाहता पाहता बाकावर झोपून गेली. उठली तेव्हा फोटो झालेला होता. तिने भांडणाचा पवित्रा घेतला, पण फोटो आला तेव्हा त्यात तिची सून अशी काही उजळली होती की म्हातारीने गल्लीतल्या सगळ्यांना तो फिरवून फिरवून दाखवला.

गुरुवारी बाजारात सामसूम. त्या दिवशी पहाटे भाऊ सायकलच्या दांडीला कॅमेऱ्याची पिशवी अडकवून नदीकाठच्या कारध्याला जायचे. उन्हाळ्यात वैनगंगेचं पाणी उतरलं की पुलाच्या खालच्या अंगाला खडक उघडे पडतात. काळे, गुळगुळीत, कुठे भोकं पडलेले, कुठे म्हशीच्या पाठीसारखे नुसतेच वर आलेले. आपण त्यांच्यावर बसून पाय धुतो आणि विसरून जातो. भाऊ तिथे पालथे पडायचे. अक्षरशः पालथे! वरून बघायचा तो चौकोनी कॅमेरा पाण्याला टेकवल्यासारखा ठेवायचा आणि हनुवटी वाळूत खुपसून सूर्याची वाट बघायची.

असंच एकदा पुलावरून जाणाऱ्या कोणीतरी पाहिलं की खाली पाण्याच्या कडेला माणूस पालथा पडलाय. झालं! "वाहून आला, कोणी वाहून आला!" असा गलका झाला. दूधवाले, भाजीवाल्या, एक एसटी थांबवून तिचा ड्रायव्हर, असे सगळे धावत खाली उतरले. कोणी घोंगडी आणली, कोणी "तोंड झाका" म्हणू लागलं. तेवढ्यात त्या प्रेताने एक हात वर केला आणि ओरडलं, "सावली पाडू नका!"

ड्रायव्हरने तिथल्या तिथे एका खडकावर बसकण मारली. नंतर कित्येक दिवस त्या रस्त्याने जाताना तो एसटी हळू करून खिडकीतून विचारायचा, "आज जिवंत आहा का जी?"

त्या सकाळचा फोटो भाऊंनी मला दाखवला तेव्हा तो ओलाच होता. मी बघतच राहिलो. समोर अफाट पाणी, त्यातून डोंगर उठलेले, डोंगरांच्या कडा उजेडाने पेटल्यासारख्या, आणि लांबवर पाण्याची पांढरी रेघ.

"हा समुद्र कुठचा?" मी विचारलं. "तुमी कधी गेले होते?"

"कारध्याचा," भाऊ म्हणाले. "हा जो डोंगर आहे ना, त्याच्यावर त्या दिवशी एसटीवाला बसला होता."

मी परत पाहिलं. मला अजूनही समुद्रच दिसत होता. समुद्र मी कधी पाहिलेला नव्हता आणि त्यांनीही नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्यांनी तो फोटो मोठा करून माझ्याकडून फ्रेम करून घेतला आणि स्टुडिओच्या काचेच्या कपाटात नवरा-नवरीच्या फोटोंच्या मधोमध लावला. लोक यायचे, बघायचे, विचारायचे, "इथला फोटो कोणी नेला का? मागचा परदाच राहिला." पवनीकडची एक बाई बाजाराला आली होती. तिने पायातली चप्पल काढली आणि कपाटासमोर हात जोडले.

"कोन्या देवाचं ठिकान हाये जी हे?"

"देव नाही बाई. गोटा आहे."

"नुसता गोटा?"

"नुसता."

"मंग फोटो कायले काढला, बाप्पा?" असं म्हणून तिने चप्पल घातली आणि ती चालू लागली. हसण्यासारखीच गोष्ट होती, मी हसलोही. भाऊ हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी स्टुडिओ लवकर बंद केला.

वहिनींचं, म्हणजे भाऊंच्या बायकोचं, म्हणणं आणखी वेगळं. त्या म्हणायच्या, "इतके फोटो काढले यायनं, पण माहा एक नाही. गोट्याइतकी मी काळी असती तं आली असती फोटोत." भाऊ त्यावर खाली मान घालून हसायचे. गुरुवारचा डबा मात्र वहिनी पहाटे उठून भरून द्यायच्या, तो कधी चुकला नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते. पाहुणे येतात, दिवसा दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, आणि मग रात्री नाटक लागतं ते सकाळपर्यंत चालतं. ज्या गावचं नाटक पडलं त्या गावाला पुढच्या दिवाळीपर्यंत सोयरे टोमणे मारतात. आंधळगावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष धानाचे व्यापारी होते. अंगाने थोर, आवाज त्याहून थोर. ते दसऱ्याच्या सुमारास भाऊंकडे आले ते कपाळाला हात लावूनच.

"फोटोवाले, उंदरांनी समुद्र खाल्ला."

झालं होतं असं की मंडळाचा समुद्राचा पडदा, निळं पाणी, दोन नारळ, वर चंद्र आणि का कोण जाणे एक राजहंस, हे सगळं गोदामात उंदरांनी कुरतडलं होतं. आणि यंदाच्या नाटकाचा शेवटचा प्रवेश समुद्रावर. बुडाला असं समजलेला नवरा परत येतो, वगैरे. अध्यक्ष हे सांगत असताना त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि ते उभेच राहिले.

"हाच! हाच समुद्र पाह्यजे मले! असाच मोठा करून द्या परद्यावर. कुठचा हाये हा? मुंबईचा?"

मी तोंड उघडलं. भाऊंनी माझ्या पायावर पाय दिला.

"मुंबईच्या जरा अलीकडचा," ते म्हणाले.

काम अध्यक्षांच्याच गोदामात सुरू झालं. नवं धान यायचं होतं, गोदाम रिकामं होतं. वहिनींनी मांजरपाटाचे पट्टे शिवणयंत्रावर जोडून दिले. त्यांच्या पायांना त्या दिवसांत मुंग्या आलेल्या असायच्या, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मग भाऊंनी फोटोवर पेन्सिलने चौकटी आखल्या आणि कापडावर तशाच मोठ्या चौकटी. दोरीला नीळ लावायची, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते, आणि टण्णकन सोडायची. एकेक चौकट बघून भाऊ रंग भरायचे. गुडघ्यांवर बसून, पोत्यावर सरकत सरकत. सरसात खडूची पूड आणि काजळी. बस्स. पांढरा, काळा आणि मधले सगळे राखाडी.

पडदा पुरा होत आला तेव्हा अध्यक्ष बघायला आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. परत आले.

"निळा कधी लावता?"

"निळा नाही."

"मंग हिरवा?"

"रंग लावायचा नाही, अध्यक्ष. शेवटचा प्रवेश सकाळी येते ना? सूर्य निघते तेव्हा? स्टेजचं तोंड उगवतीकडे करा. रंग सूर्य लावते."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी गोदामाच्या छपराकडे पाहिलं.

"सूर्य काय आपल्या मंडळाचा मेंबर हाये का?" अध्यक्ष कडाडले. "पाहुणे हसतीन मले! आंधळगावच्या मंडळानं राखेचा परदा लावला म्हनतीन!"

"आणखी एक," भाऊ शांतपणे म्हणाले. "परदा उघडला की लगेच कोणी यायचं नाही. थोडा वेळ स्टेज रिकामं ठेवायचं."

तेव्हा अध्यक्ष जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मंडई तोंडावर आली होती, दुसरा पडदा मिळत नव्हता. शेवटी भाऊ म्हणाले, "लोक हसले तं मी स्वतः स्टेजवर येऊन सांगीन, हा परदा माहा आहे, मंडळाची चुकी नाही. अन् त्याच्यानंतर गोट्यांचे फोटो बंद." असं ते चारचौघांत बोलले. मला ते आवडलं नाही. माणसाने आपली आवडीची गोष्ट अशी पणाला लावू नये, निदान आंधळगावच्या मंडईत तरी.

मंडईच्या नाटकाचं रात्रभराचं सांगत बसत नाही. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये माणसंच माणसं, तणसाच्या पेंढ्यांवर बसलेली, मागे बैलबंड्या आणि बंड्यांवरही माणसं. वहिनी बायकांच्या बाजूला शाल लपेटून बसलेल्या. मी पुढे बसून बिड्यांच्या धुरात डोळे चोळत होतो. पहाटेच्या सुमारास भाऊ वाकत वाकत माझ्याजवळ आले. चेहरा उतरलेला.

"काचवाल्या, नाटक पळून राहिलं."

"म्हणजे?"

"नायकाचा घसा बसला. गाणे गाळून राहिले नट. असंच चाललं तं शेवटचा प्रवेश अंधारात येते. उजेड पिकायचा आहे ना अजून!"

मी आयुष्यात कधी नाटकात ओरडलेलो नव्हतो. पण पुढच्या गाण्याला, ते खलनायकाचं होतं आणि भयंकर बेसूर होतं, मी उभा राहून ओरडलो, "वन्स मोअर!" शेजारच्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. खलनायकाला मात्र असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. त्याने ते गाणं दुसऱ्यांदा डोळे मिटून, जीव ओतून म्हटलं. मी परत ओरडलो. आता मागच्या बंड्यांवरच्या लोकांनाही मजा वाटू लागली, तेही ओरडायला लागले. खलनायकाच्या डोळ्यांत पाणी आलं. विनोदी नटाला बातमी पोचली होती, त्याने बैल हरवल्याचा एक प्रसंग असा काही ताणला की नाटकात बैल मुळात नव्हता हे लोक विसरले.

पूर्वेला फटफटलं. आणि नेमकं तेव्हा नदीच्या अंगाने धुकं आलं. शेवटच्या प्रवेशाआधीचा पडदा पडला. भाऊ स्टेजच्या कडेला, खालच्या बाजूला, हात पुढे करून उभे. अध्यक्ष वरून वाकलेले.

"उघडू का?"

"अजून पिकला नाही."

लोक शिट्ट्या वाजवू लागले. चादरी झटकून काहीजण उठायला लागले, चपला शोधू लागले. एका बंडीला बैल जुंपल्याचा आवाज आला.

"फोटोवाले, लोक जाऊन राहिले! उघडू का?"

भाऊंनी मान हलवली. हात तसाच. मी इतका जवळ होतो की मला त्यांचा तळहात दिसत होता, राखेसारखा, रेषा नसलेला. मला वाटलं, आपणच उठून ओरडावं, उघडा एकदाचा आणि संपवा. मग धुकं विरळ झालं आणि त्या तळहातावर एक रेष दिसली. मग दुसरी. मग अंगठ्याखालचा उंचवटा दिसला आणि त्याच्यावर काहीतरी कोवळं, पिवळसर आलं.

"दिवे बंद करा," भाऊ म्हणाले. "उघडा."

दिवे गेले. पडदा वर गेला. मागे नुसतं राखाडी कापड. कोणीतरी म्हणालं, "हे काय हाये? भिंत हाये का?" हशा पिकला. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. मी भाऊंकडे बघायचं टाळलं.

आणि आमच्या पाठीमागे, मोहाच्या झाडांच्या वरून सूर्य आला.

उजेड आधी पडद्याच्या वरच्या कडेला लागला. तिथलं आभाळ गुलाबी झालं. मग तो खाली उतरू लागला, हळूहळू, सगळ्यांच्या देखत. खडकांच्या माथ्यांना लागला तेव्हा ते सोन्याचे झाले, आणि खालचा काळा आणखी काळा, ओला. मग तो पाण्याला लागला. काजळी आणि खडूचं ते पाणी, माझ्या हाताने नीळ लावलेल्या दोरीवरचं, ते हलायला लागलं. हललं नसेल, मला ठाऊक आहे. पण मी ते हलताना पाहिलं आणि माझ्याबरोबर सगळ्या मंडईने पाहिलं.

इतक्या माणसांची मंडई आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा तेवढा आवाज. उठलेले लोक उभे होते तिथेच उभे. चप्पल हातात धरलेला एकजण तसाच. आता नायिकेने यायचं होतं, तीही विंगेतून वाकून पडदाच बघत होती आणि आत येणं विसरून गेली होती. स्टेज रिकामं होतं. माणूस कुठं आहे, असं एकानेही विचारलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या मागून कारध्याच्या एका धिवराचा आवाज आला. रोज त्या पाण्यात जाळं टाकणारा माणूस तो. "अबे, हा तं आपल्या कारध्याचा गोटा! मी बसतो ना ह्याच्यावर!"

अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांना वाटलं, फुटला समुद्र. पण लोकांमधून असा काही आनंदाचा हुंकार उठला की काय सांगू. "आपली वैनगंगा हाये! आपली गंगा हाये वं!" बायका उभ्या राहिल्या. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. बंड्यांवरचे लोक नाचू लागले, त्यांच्या लांबच लांब सावल्या स्टेजवर, खडकांच्या पायथ्याशी नाचू लागल्या. मी मनात म्हटलं, आता भाऊ ओरडणार, सावली पाडू नका. ते ओरडले नाहीत.

"राहू दे," ते पुटपुटले. "राहू दे आता." आणि त्यांनी त्या तळहाताने डोळे पुसले.

मग कोणीतरी ओरडलं, आणि या वेळी तो मी नव्हतो, "वन्स मोअर!"

रिकाम्या स्टेजला वन्स मोअर! अध्यक्षांनी थोर आवाजात हुकूम सोडला, "पाडा परदा! उघडा परत!" पडदा पडला, परत उघडला, परत टाळ्या. नायिका कशीबशी आत आली तेव्हा लोकांनी तिला "बाजूला हो बाई, दिसून नाही राहिलं" असं म्हटलं. नवरा परत आला की नाही हे त्या वर्षी कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

अध्यक्षांनी भाऊंना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. भाऊ म्हणाले, "कॅमेरा पडीन माहा." त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता आणि त्यांनी एकही फोटो काढला नव्हता. वहिनी गर्दीतून वाट काढत आल्या. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची त्यांची रीत नव्हती, पण बोलल्या.

"इतके वर्ष डबा भरून देऊन राहिली मी. कुठं जाता, काय पाहता, आज समजलं मले."

भाऊंनी वहिनींना बाजूच्या तणसाच्या ढिगाजवळ उभं केलं, हात पुढे करून उजेड पाहिला आणि त्यांचा फोटो काढला. रात्रभर जागलेल्या, केस विस्कटलेले, नाक लाल. फ्रेम मी केली, चांगली सागवानी.

त्यानंतर आंधळगावचा पडदा ही चीज झाली. लोक आधी विचारायचे, "परदा हाये ना?" मगच नाटकाला यायचे. लेखकांना सांगून ठेवलेलं असायचं की गोष्ट कुठलीही लिहा, शेवट समुद्रावर करा. एका ऐतिहासिक नाटकातला राजासुद्धा लढाई सोडून शेवटी समुद्रावर गेला. आणि माझ्या दुकानात लोक कारध्याच्या गोट्याला फ्रेम करून मागू लागले. मी म्हणालो होतो, होणार नाही. भाऊंनी मला ते कधी बोलून दाखवलं नाही. दर फ्रेमेच्या वेळी भिंतीपलीकडून फक्त खोकायचे.

पुढे मुलीच्या सासरच्यांबरोबर ते एकदा मुंबईला जाऊन खरा समुद्र पाहून आले. आल्यावर मी विचारलं, "कसा आहे?"

"बरा आहे," भाऊ म्हणाले. थोडा विचार केला. "पण लय हलते."

भाऊ गेले ते एका पावसाळ्यात, छातीच्या दुखण्याने. स्टुडिओच्या जागी कापडाचं दुकान आलं. आता मी काच कापली तर भिंतीपलीकडून कोणी ओरडत नाही. मला त्याची सवय अजून झालेली नाही आणि होईल असं वाटत नाही.

त्या वर्षी मंडईला मी जाणार नव्हतो. अध्यक्षांनी बंडी पाठवली. वहिनी आणि मी गेलो. नाटक संपलं, नट रंग पुसून खाली येऊन लोकांमध्ये बसले, आणि तरी कोणी उठलं नाही. दिवे घालवले. पडदा उघडला. त्या कापडाला एव्हाना ठिगळं पडली होती, एका खडकावरचा खडू उडाला होता. आम्ही सगळे थंडीत गप्प बसून राहिलो आणि मोहाच्या वरून उजेड आला, आणि वरून खाली उतरू लागला.

माझ्या पुढे कोणाचा तरी नवा जावई बसला होता, नागपूरचा, इस्त्रीच्या कपड्यांतला. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग शेजारच्या म्हातारीला हळूच विचारलं, "आता कोण येणार?"

म्हातारीने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"कोनी नाही येत," ती म्हणाली. "गुमान पाह्य. पिकला हाये."